सातवी की आठवी

विमलताईंना नवऱ्याशी भांडायला हल्ली पूर्वीसारखी मजा येत नव्हती. ही तक्रार त्यांनी शेजारणीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झाली होती. भांडणात समोरच्याचं उत्तर कसं ताडकन आलं पाहिजे! इथं त्या म्हणायच्या, "पुन्हा ओला टॉवेल कॉटवर?" आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. समोर रंगराव ओठ हलवायचे, पण तोंडातून आवाज यायचा नाही. दीड सेकंदानं टेबलावरच्या लॅपटॉपमधून रंगरावांचाच खणखणीत आवाज यायचा, "वाळत घालायलाच निघालो होतो." तोवर विमलताईंचा राग निम्मा उतरलेला असायचा. अर्ध्या रागानं काय डोंबल भांडायचं?

रंगराव खोत म्हणजे कुंभारखिंडीचे खोतसर. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, वय बासष्ट. पण सांगली-कोल्हापूरकडच्या चाळीस गावांत त्यांची ओळख मास्तर म्हणून नव्हती. तेवीस वर्षं त्यांनी कुस्तीची मैदानं माइकवरून गाजवली होती. कोण कुठल्या तालमीचा, कुणाचा आजा कुठल्या साली कुणाशी लढला, आत्ता कुणी कुठला डाव टाकला, हे सगळं ते एका दमात सांगत. लांब बसलेल्या माणसाला कुस्ती दिसायची नाही, पण सरांच्या तोंडून ती कळायची. दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि हा गडी मुका झाला. जीव वाचला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सरांनी मात्र महिनाभर माइकच्या पेटीकडं बघितलंसुद्धा नाही.

मग तो लॅपटॉप आला. साधासुधा नव्हे, त्या कंपनीचा सगळ्यात वरचा. मैदानात नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून सगळं गणित जागच्या जागी करणारं तगडं यंत्रच हवं होतं. सरांच्या हनुवटीखाली एक मऊ गळपट्टी असायची. जीभ, ओठ, जबडा हलला की त्यामागच्या स्नायूंत जे बारीक विजेचे इशारे उठतात, ते ती टिपायची आणि लॅपटॉप त्यांचे शब्द करायचा. आवाज सरांचाच. लोकांनी फोनवर घेतलेल्या ऐंशी मैदानांच्या चित्रफितींमधून त्याचा ध्वनिठसा काढलेला होता. पहिल्यांदा त्यातून "विमल" असं ऐकू आलं, तेव्हा विमलताई स्वयंपाकघरात जाऊन रडून आल्या होत्या.

लॅपटॉपमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टीम होती, तिचा आकडा सात. आता मास्तरांचं यंत्र आणि सातवं म्हटल्यावर गाव थोडंच सोडतंय! "सरांचा लॅपटॉप सातवीत हाय," असंच सगळे म्हणायचे. सातवी हुशार होती, पण सावकाश. शब्द तोंडात पुरता तयार झाल्याशिवाय उच्चारायची नाही. त्यात दीड सेकंद जायचा. घरात दीड सेकंदानं काही बिघडत नाही, पण कुस्तीत तेवढ्यात माणूस आडवा होतो. गेल्या साली सर "टांग मारली!" म्हणेपर्यंत ती कुस्ती संपून पैलवान अंग पुसत होता. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "सर, पेपर कालचा वाचताय काय?" सगळं मैदान हसलं. सरही हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

यंदा यात्रा कमिटीचे मोहिते आण्णा स्वतः घरी आले होते. चहा पिऊन झाला तरी कप हातातच धरून बसले. शेवटी म्हणाले, "सर, तुमचा मान आहेच. पण पोरं म्हणतात, नवा निवेदक बघा. यंदाचं मैदान तुमचं. पुढचं मग... बघू."

सर काय ते समजले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप काखोटीला मारून ते सांगलीला शबाना मुलाणीकडे गेले.

शबाना म्हणजे अशा बोलक्या यंत्रांची डॉक्टरीणच. वय सत्तावीस, बोलणं तुफान मेल. "सर, बरं झालं आलात. आठवी आलीय! आजच टाकू?"

दीड सेकंदानं सरांचा आवाज आला, "आठवीत घालण्याआधी मी पोराची परीक्षा घेतो. तिच्यात नवीन काय?"

"अंदाजक. सातवी तुमचा शब्द पूर्ण व्हायची वाट बघते. आठवी वाट बघत नाही. तुम्ही आजवर काय काय बोललात ते तिला पाठ असतं, समोर काय चाललंय ते कॅमेऱ्यातून दिसतं. पहिला इशारा मिळाला की पुढचं वाक्य तिला कळतंच. मध्ये जराही वेळ जात नाही. उलट कधी कधी तुमच्याआधी केसभर."

"माझ्याआधी?"

"केसभर, सर! ते काय जाणवतंय?"

"आणि नाही आवडली तर?"

"दहा दिवसांत परत सातवीत येता येतं. दहा दिवसांनी सातवीचा सगळा ठसा पुसला जातो. आणि एकदा मागं आलात, तर या मशीनवर आठवी परत चढत नाही. म्हणून नीट ठरवा."

मैदान नवव्या दिवशी होतं. सरांनी बोटांवर मोजलं. पंचवीस वर्षं पोरांना वरच्या वर्गात घालणारा हा माणूस, स्वतःच्या बाबतीत मात्र त्याचा पेन अडखळला. मग "पेपर कालचा" आठवला आणि ते म्हणाले, "टाक."

घरी परतल्यावर विमलताईंनी सवयीनं विचारलं, "एवढा वेळ? छत्री विसरलात ना?" आणि सवयीनंच कमरेवर हात ठेवले.

"छत्री विसरायला आज पाऊस होता का?" आवाज ताडकन आला.

विमलताई दचकल्या. मग त्यांचा चेहरा असा उजळला की काही विचारू नका. त्या दिवशी दोघं छत्रीवरून, टॉवेलवरून, तीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नातल्या आहेरावरून मनसोक्त भांडली. शेवटी हसून हसून विमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलात बाई परत," त्या म्हणाल्या.

चौथ्या दिवशी जेवताना एक बारीकशी गोष्ट घडली. विमलताईंनी पानात आमटी वाढली आणि विचारलं, "कशी झालीय?"

"छान," लॅपटॉप म्हणाला.

सरांचा घास अजून ताटातच होता. विमलताईंनी घासाकडं बघितलं, मग लॅपटॉपकडं. "तोंडात जायच्या आधीच छान?"

सर ओशाळून हसले. चौतीस वर्षं ते आमटीला छानच म्हणत होते, मग यंत्रानं दुसरं काय म्हणावं? गोष्ट तिथंच राहिली. पण त्या दुपारी सरांना झोप लागली नाही.

मैदानाच्या सकाळी हलगीवाले सुदाम आवळे तालमीपाशी भेटले. सुदाम सरांच्याच वयाचे. तेवीस वर्षं सरांचा माइक आणि सुदामची हलगी एकत्रच मैदानात उतरायची. दोघांनी थोडी तालीम करून बघितली. सरांचं वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू, ते संपायच्या आत तिसरं. सुदामनी दोनदा काडी उगारली आणि दोनदा खाली घेतली.

"मास्तर, पूर्वी तुम्ही दम घ्यायचा, तवा मी वाजवायचो. तुमचं हे आठवीतलं पोरगं दमच घेत न्हाई. मी हात टाकू कुठं?"

"जमेल रे," लॅपटॉप म्हणाला. सरांना खरं तर वेगळंच काहीतरी म्हणायचं होतं.

चार वाजता मैदान भरलं. तांबड्या मातीचा हौद, भोवती दहा-बारा हजार माणसं, डोक्यावर भिरभिरणारे दोन ड्रोन. आणि माइकपाशी फेटा बांधून खोतसर. शबानाही मुद्दाम सांगलीहून आली होती, आपली आठवी मैदानात कशी चालते ते बघायला. पहिल्या सात कुस्त्या सरांनी अशा काही रंगवल्या की म्हातारी माणसं उठून उभी राहिली. डाव पडतोय आणि शब्दही त्याच क्षणी! मोहिते आण्णांनी लांबूनच हात जोडले. सरांचा ऊर भरून आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण पूर्वीसारखे झालोय असं वाटलं.

आठवी कुस्ती मुलींची होती. एकीकडं कोल्हापूरची गौरी शेवाळे, जिचा घिस्सा हा डाव नावाजलेला. तिनं घिस्सा मारला आणि समोरची वाचली, असं वर्षभरात झालं नव्हतं. दुसरीकडं जत तालुक्यातली पूनम लोखंडे. हे तिचं पहिलंच मोठं मैदान. माती कपाळाला लावताना तिनं सरांच्या माइककडं एकदा बघून घेतलं.

सहा मिनिटं दोघी झुंजल्या. सातव्या मिनिटाला गौरी खाली शिरली, पकड घेतली, पूनमचे पाय जमिनीवरून सुटले.

"घिस्साऽऽ! आणि गौरी शेवाळेनं पूनमला केलं चितपट!"

आवाज कर्ण्यांतून घुमला. मैदान उसळलं. पण सरांचे ओठ "घिस्सा"वरच होते. "चितपट" ते म्हणालेच नव्हते! कारण त्यांना दिसत होतं, पूनमनं पडता पडता अंग वळवलं होतं आणि ती मान आणि टाचांवर अंगाचा पूल करून तरली होती. तिच्या पाठीखालून हातभर उजेड दिसत होता. तो उजेड दिसला तेवढ्यात नाहीसा झाला. पूनमनं मान सोडली होती. पाठ मातीला टेकली. पंचांनी शिट्टी मारली आणि गौरीचा हात वर केला.

पूनम उठली ती सरळ माइकच्या स्टेजखाली आली. रडत नव्हती, गोंधळलेली होती. "सर, पाठ टेकली न्हवती ना माझी? मानेवर होते मी. पण तुम्ही म्हणाला चितपट. मला वाटलं, टेकलीच असंल. आमचे बापू सांगायचे, खोतसर कधी चुकत न्हाईत."

मैदानावर पडलेल्या हजार पैलवानांचं सरांनी सांगितलं होतं, पण आपल्या शब्दानं कुणाला पाडलं नव्हतं. त्यांनी माइक ओढला आणि ओठ मिटून सुरुवात केली, "माझी..."

"पंचांचा निर्णय अंतिम! पुढची जोड हौदात यावी!" कर्णे गरजले.

सरांनी मान जोरजोरात हलवली. पुन्हा ओठ मिटले.

"पंचांचा निर्णय अंतिम!"

शबाना धावत स्टेजवर चढली. तिनं पडद्यावरची नोंद बघितली आणि तिचं तोंड उतरलं. "सर, तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

सरांनी तिच्या तळहातावर बोटानं लिहिलं, माझी चूक.

"ओठ मिटले ना तुमचे... 'म'ला पण मिटतात आणि 'प'ला पण. आठवी पुढचं ऐकतच नाही, आधीचं आठवते. तुम्ही माइकवर 'पंचांचा निर्णय अंतिम' एकशे एकोणीस वेळा म्हणालाय. आणि 'माझी चूक'..." तिनं नोंद पुन्हा खालपर्यंत बघितली. "एकदाही नाही, सर."

प, फ, ब, भ, म. ओठांनी उच्चारायची अक्षरं. हे सरांनी हजारो पोरांना फळ्यावर शिकवलं होतं. आज तीच पाच अक्षरं त्यांच्या मानगुटीवर बसली होती. आणि खरी लाज वेगळीच होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं. तेवीस वर्षांत त्यांनी खरोखरच कधी चूक कबूल केली नव्हती.

सरांनी गळपट्टी ओरबाडून काढली. कर्णे गप्प झाले. स्टेजच्या पायऱ्या उतरून ते हौदाकडं निघाले, चपला काढल्या आणि तांबड्या मातीत जाऊन मधोमध उभे राहिले. निवेदक हौदात उतरलेला कुणी कधी पाहिला नव्हता. मैदान हळूहळू शांत झालं. बासष्ट वर्षांच्या त्या मास्तरानं पूनमकडं तोंड केलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

गर्दीतल्या निम्म्या लोकांना सरांनी कधी ना कधी कान धरून उभं केलं होतं. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मग सरांनी पंचांना हातांनीच दाखवलं, पोरगी मानेवर होती, पाठीखाली एवढा उजेड, माझा शब्द आधी आला. पंचांनी ड्रोनची चित्रफीत मागवली. दोनदा बघितली. मग गौरीनंच पुढं येऊन सांगितलं, "चितपट ऐकू आलं तवा हिची पाठ मातीला लागली न्हवती. आवाज आला म्हणून मीही ढिली पडले. कुस्ती पुन्हा जोडा."

पंचांनी दोघींना पंधरा मिनिटं विसावा दिला.

सरांच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की त्यांना मातीतच बसावंसं वाटलं. चूक कबूल केली आणि आभाळ कोसळलं नाही! उलट कुणीतरी टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी.

स्टेजवर परत आल्यावर त्यांनी शबानाच्या तळहातावर एकच शब्द लिहिला. सातवी.

"बारा मिनिटं लागतील," ती म्हणाली. "पण सर, परत आठवी मिळणार नाही. आणि पुढच्या सालचं मैदान..." तिनं मोहिते आण्णांकडं बघितलं.

सरांनी तिच्या हाताखालून लॅपटॉप स्वतःकडं वळवला आणि बटण स्वतः दाबलं.

सरांनी गळपट्टी परत बांधली आणि कुस्ती पुन्हा लागली. सर बोलायला लागले आणि तेच झालं, दीड सेकंदाची ती फट. "पूनमनं..." आणि शांतता. कुणीतरी मागून सुरुवात केली, "सर, पेपर का..." पण त्याचं वाक्य पुरं झालं नाही. त्या फटीत सुदामची हलगी कडाडली. सरांचे ओठ हलायला लागले की सुदाम वाजवायचे, आणि शब्द आला की काडी वर. पुन्हा ओठ, पुन्हा हलगी, पुन्हा शब्द. तीन-चार वाक्यांत लोकांना त्याची लय सापडली. हलगी वाजली की आता सर काहीतरी सांगणार, म्हणून दहा हजार माणसं कान टवकारायची. सुदाम मिशीत हसत होते. त्यांना हात टाकायला जागा मिळाली होती.

नवव्या मिनिटाला गौरी पुन्हा खाली शिरली. तोच घिस्सा. पूनम हवेत गेली, वळली आणि मानेवर आली. हलगी थांबली. पंच मातीवर गाल टेकून बघत होते. माणसं पंचांकडं बघत नव्हती, कर्ण्यांकडं बघत होती. सरांनी डोळे ताणले, उजेड बघितला, आणि मग ओठ हलवले.

"पाठ... टेकलेली... नाही!"

पूनमनं दात आवळले आणि फिरकी मारून सुटली. मैदानात जो काही कल्ला झाला तो पार खिंडीपलीकडं ऐकू गेला असणार. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून धापा टाकत होत्या. कुस्ती बरोबरीत सुटली. गौरीनं स्वतःहून पूनमचा हात वर केला. सरांनी खुर्चीत अंग टाकलं. अंगातली सगळी रग निघून गेली होती आणि तरी इतकं बरं त्यांना दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

मोहिते आण्णा नारळ घेऊन आले. "सर, पुढच्या सालापासून सुदामला तुमच्या शेजारीच खुर्ची ठेवतो. खाली हौदाच्या कडेला नको."

पुढच्या साली! सरांनी नारळ घेतला आणि तो लगेच सुदामच्या हातात दिला.

गर्दी पांगल्यावर शबाना वायरी गुंडाळत होती. नेहमीची बडबड नव्हती. "सर, माझ्याकडं अकरा जणांनी आठवी घेतलीय. त्यात एक वकील आहेत, एक डॉक्टरीणबाई आहेत. सगळे खूश आहेत. एकाचीही तक्रार नाही." तिनं हातातली वायर खाली ठेवली. "तक्रार करायला तरी त्यांना येत असेल ना?"

"उद्याच त्या सगळ्यांकडं जा," सरांनी सांगितलं. "आणि उत्तरं तोंडी घेऊ नकोस. त्यांच्याच हातानं लिहून घे." शबानानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलताईंनी पान वाढलं. मैदानाची सगळी हकीकत त्यांनी गावभर ऐकून घेतली होती. कान धरल्याची तर तीन वेगवेगळ्या तोंडांनी ऐकली होती. घरात मात्र त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. सकाळी सरांची आवडती चटणी तेवढी वाटली. आमटीची वाटी पानात ठेवली आणि समोर बसल्या.

"कशी झालीय?"

सरांनी भाताचा घास कालवला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला. लॅपटॉप गप्प होता. विमलताईंनी आज हात कमरेवर ठेवलेच नव्हते, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना उत्तराची धाकधूक वाटत होती. सरांनी घास गिळला, बायकोकडं बघितलं आणि ओठ हलवले.

दीड सेकंद गेला.

"विमल, खरं सांगू?"